पिचरचं आयुष्य कसं असतं? तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबांना उत्तर

दादा, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. मुलगा तेरा वर्षांचा, न्यू जर्सीत बेसबॉलच्या ट्रॅव्हल टीमकडून पिचिंग करतो (पिचर म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, आपला बॉलर), ७२ मैलांनी टाकतो म्हणजे ताशी जवळपास ११६ किलोमीटर, कोच म्हणतोय हात चांगलाय, हिवाळ्यातही इनडोअर चालू ठेवा, आणि तुम्ही स्वतः सांगलीला क्लबकडून मीडियम पेस टाकलेली असल्याने तुम्हाला वाटतं की बॉलर जितका टाकेल तितका तयार होतो. तर पिचरचं करिअर खरंच कसं असतं, किती वर्षं चालतं, पैसे किती, आणि पोराला यात पूर्ण घालायचं का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, शिक्षण पुण्यात, गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत, त्यातले सहा सीझन एका मायनर लीग (सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या) टीमबरोबर बसने फिरलोय आणि आता माझ्या क्लिनिकमध्ये टेबलवर येणाऱ्या हातांपैकी निम्मे पिचरचे असतात. त्यामुळे मी हाताच्या बाजूने उत्तर देणार, कारण माझ्या मते पिचरचं करिअर हे शेवटी कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लिगामेंटचं (हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्टीचं) करिअर असतं, बाकीचं सगळं त्याच्या भोवती फिरतं.

पहिलं म्हणजे क्रिकेटचा हिशोब इथे लावू नका. अंतर दोन्हीकडे साधारण सारखंच आहे, आपली पिच २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, इथे माउंडपासून (पिचर उभा राहतो तो उंचवटा) होम प्लेटपर्यंत (बॅटरची जागा) ६० फूट ६ इंच, बॉलचं वजनही फार वेगळं नाही. स्पीडमध्ये मात्र फरक बघा, शोएब अख्तरचा २००३ च्या वर्ल्ड कपमधला बॉल १६१.३ किलोमीटरचा आणि अरोल्डिस चॅपमनने २०१० मध्ये टाकलेला पिच (बेसबॉलमध्ये टाकलेल्या बॉललाच पिच म्हणतात) १०५.८ मैलांचा म्हणजे १७० च्या वर, आणि तोही रनअप न घेता! फास्ट बॉलर पळत येतो, हात सरळ ठेवतो (कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर चकिंग) आणि तो सगळा धक्का कंबरेवर येतो, म्हणूनच आपल्या फास्ट बॉलरांची पाठ जाते, बुमराहचंही पाठीचंच ऑपरेशन झालं. पिचर दहा इंच उंच माउंडवरून फक्त एक लांब पाऊल टाकतो आणि उरलेला वेग खांदा आणि कोपर यातून काढतो. हात मागे इतका पडतो की तळहात आकाशाकडे होतो, आणि तिथून दंड पुढे फिरतो तो सेकंदाला जवळपास ७००० अंशांच्या वेगाने. माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक आहे.

त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं आणि त्याला धरून ठेवतं ते हे लिगामेंट, जेमतेम बोटाच्या पेराएवढी पट्टी. बायोमेकॅनिक्सच्या लॅबमध्ये जोराच्या पिचला कोपरावर साधारण ६४ न्यूटन-मीटर ताण मोजला गेलाय, आणि मृतदेहाच्या कोपरात नुसतं लिगामेंट ठेवून ताणलं तर ते साधारण ३२ ला तुटतं. म्हणजे अर्धा भार पुढच्या हाताचे स्नायू उचलतायत म्हणून पिचरचा हात जागेवर आहे. आणि स्नायू थकतात, हे लक्षात ठेवा, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं यावरच उभं आहे.

आता टॉमी जॉन. हे नाव तुम्ही ऑपरेशनचं नाव म्हणून ऐकलं असेल, पण तो एक माणूस आहे, डावखुरा पिचर, लॉस एंजेलिस डॉजर्सचा. १७ जुलै १९७४, समोर माँट्रियल एक्स्पोज, त्या सीझनला त्याचे १३ विजय आणि फक्त ३ पराभव (इथे सामन्याचा विजय-पराभव पिचरच्या नावावर लिहितात), म्हणजे आयुष्यातला सगळ्यात चांगला सीझन चाललेला, वय ३१, आणि एका पिचला कोपरातलं ते लिगामेंट तुटलं. त्या काळी याचा अर्थ एकच, घरी जा. टीमचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला उजव्या हातातली एक शिर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, टेंडन) काढून डाव्या कोपरात हाडांना भोकं पाडून ओवली, आणि परत मेजर लीगमध्ये टाकू शकशील याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती.

ती शिर कोणती ते बघायचं असेल तर आत्ता बघा. अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना टेकवा आणि मनगट जरा आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं उभं राहतं ना, तेच. काही लोकांना ती नसतेच आणि त्यांचं काही अडत नाही, म्हणून ती काढून वापरता येते. क्लिनिकमध्ये मी नव्या पोरांना हे करायला सांगतो तेव्हा प्रत्येक जण आधी दुसऱ्याचं मनगट बघतो.

टॉमी जॉनचं पुढे सोपं गेलं नाही. कोपरामागून जाणारी नस दबली, बोटं वाकडी होऊन पंजासारखा हात झाला, दुसरं ऑपरेशन करावं लागलं, १९७५ चा अख्खा सीझन गेला. १९७६ ला परत आला, १९७७ ला २० सामने जिंकले, आणि १९८९ पर्यंत खेळत राहिला, वय ४६. नावावर एकूण २८८ विजय, त्यातले १६४ ऑपरेशननंतरचे. हे आकडे मी पोरांना सांगतो, पण लगेच हेही सांगतो की यातून चुकीचा धडा घेतला जातो. आज मेजर लीगमधल्या साधारण दर तीन पिचरांमागे एकाचं हे ऑपरेशन झालेलं आहे, आणि त्यामुळे बऱ्याच आईवडिलांना वाटतं की हे काय, दाताला कॅप बसवल्यासारखं आहे, तुटलं तर जोडून घेऊ. माझ्याकडे तर न तुटलेल्या हाताचं आधीच ऑपरेशन करून टाकू का, हात आणखी जोरात चालेल ना, असं विचारणारे बाप आलेत. दादा, ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने जातात. चार-पाच महिन्यांनी पहिल्यांदा हातात बॉल देतो तेव्हा अंतर असतं ४५ फूट, जोर जवळपास शून्य. काल-परवापर्यंत ९५ मैलांनी टाकणारा सहा फुटी पोरगा तो बॉल हातात घेऊन शिवणीवरून बोट फिरवत बसतो, १०८ टाके असतात त्या बॉलला, आणि पहिला थ्रो सोडायला मिनिट मिनिट घेतो. टीमवाले त्या वेळी दुसऱ्या शहरात सामना खेळत असतात. हा एकटेपणा कुठल्या आकडेवारीत येत नाही.

बरं, आता करिअरची शिडी. हायस्कूल किंवा कॉलेजमधून ड्राफ्ट होतो, म्हणजे टीम पाळीपाळीने पोरं निवडतात, आता २० राउंड असतात, आणि डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलाकडची पोरं सोळाव्या-सतराव्या वर्षी थेट साइन होतात. पण ड्राफ्ट झाला म्हणजे मेजर लीग नाही. आपल्याकडे रणजी आणि मग इंडिया असं आहे, इथे रूकी, लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए असे पाच जिने आहेत, आणि बहुतेक पोरं मधल्याच कुठल्यातरी पायरीवरून घरी जातात. पगार २०२३ च्या करारानंतर सुधारले, त्या वर्षी लो-ए ला वर्षाचे २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-ए ला ३५,८००, त्याआधी तर याच्याही निम्म्याखाली होते, आमच्या टीममधली पाच-पाच पोरं दोन खोल्यांत हवा भरायच्या गाद्या टाकून राहायची. मेजर लीगचा किमान पगार २०२५ ला ७,६०,००० डॉलर. म्हणजे ट्रिपल-ए आणि मेजर लीग यातला फरक वीसपटीहून जास्त, आणि खेळातला फरक कधी कधी एका पिचचा असतो. वर गेल्यावरही खरा पैसा लगेच नाही, साधारण तीन वर्षं सर्व्हिस झाल्यावर पगारासाठी लवादाकडे जाता येतं आणि सहा वर्षांनी फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या टीमशी करार करायला मोकळा. तुम्ही बातम्यांत वाचता ते ३२ कोटी डॉलरचे करार तिथे पोचून हात शाबूत राहिलेल्यांचे. तोपर्यंत पिचर सत्तावीस-अठ्ठावीस-तीसचा झालेला असतो.

रिलीज कसं करतात, म्हणजे टीममधून काढून घरी कसं पाठवतात, ते एकदा जवळून बघितलंय. एकवीस वर्षांचा डावखुरा पोरगा, रोज दुपारी दोनला माझ्या टेबलवर यायचा, शर्टाची बाही वर करायचा आणि मी खांदा मोकळा करून द्यायचो. एके दिवशी आला, बाही वर केली, झोपला, मी रोजच्यासारखा हात धरून स्ट्रेचिंग सुरू केलं, काल किती पिच झाले, कुठे ओढतंय का, तो हूं हूं करत होता. पूर्ण वीस मिनिटं झाली. मग उठला, बाही खाली केली आणि म्हणाला, मला आत्ताच ऑफिसात बोलावून रिलीज केलं, पण वेळ झाली होती म्हणून आलो. मला काय बोलावं कळेना. मी त्याला थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) दिला, नवीन, पाकीट न फोडलेला. अजून आठवलं की वाटतं काहीतरी नीट बोलायला हवं होतं.

आपल्याकडच्या दोन पोरांचं उदाहरण अनेकांना माहीत असेल. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघं उत्तर प्रदेशचे, भालाफेकवाले (आयपीएलवाला रिंकू सिंग वेगळा). २००८ ला भारतात टीव्हीवर जोरात बॉल टाकायची स्पर्धा झाली त्यातून निवडले गेले, टॉम हाउस या कोचने लॉस एंजेलिसला काही महिन्यांत शिकवलं आणि त्याच नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने साइन केलं. दिनेश २०१० ला रिलीज झाला. रिंकू लो-ए पर्यंत पोचला, मग दुखापतींमध्ये सीझनच्या सीझन गेले आणि २०१८ ला तो कुस्तीच्या शोकडे, डब्ल्यूडब्ल्यूईला गेला. लोक याला अपयश म्हणतात तेव्हा मला राग येतो. विशीत पहिल्यांदा बेसबॉल हातात घेऊन अमेरिकेतल्या पगारी लीगमध्ये बॅटरला आउट करणं म्हणजे काय हे माझ्यासारख्या त्या डगआउटमध्ये बसलेल्या माणसाला विचारा. पण एक गोष्ट खरी की हात घडतो तो लहानपणी. लहानपणापासून टाकणाऱ्यांच्या दंडाच्या हाडाला वाढीच्या वयात एक पीळ राहतो आणि त्यामुळे हात मागे जास्त पडू शकतो, तो पीळ विशीत येत नाही. तुमच्या मुलाचं हाड आत्ता तयार होतंय, म्हणून हे वय मोलाचं आहे आणि म्हणूनच नाजूकही.

रोजचं आयुष्य विचारलंत. सीझन १६२ सामन्यांचा, जवळजवळ रोज सामना, पण स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) पाचव्या-सहाव्या दिवशी टाकतो. टाकतो त्या दिवशी नव्वद-शंभर पिच. दुसऱ्या दिवशी बाटलीचं झाकण उघडायलाही नको वाटतं, त्या दिवशी पळणं, सायकल आणि माझं टेबल. मग एक दिवस बुलपेनमध्ये (पिचरांची हात गरम करायची जागा) पंचवीस-तीस पिच, ग्रिप तपासायला, मग हलका कॅच, व्हिडिओ, समोरच्या टीमचे बॅटर पाठ करणं. याउलट रिलीव्हरला (सामन्याच्या मध्ये स्टार्टरच्या जागी येणाऱ्या पिचरला) रोज तयार राहायचं. त्याची एक गोष्ट बाहेर कुणाला दिसत नाही, सातव्या इनिंगला फोन येतो, तो उठून जोरात वीस-पंचवीस पिच टाकून हात गरम करतो, मग मॅनेजर म्हणतो राहू दे. स्कोअरकार्डवर शून्य, हातावर पंचवीस. असं आठवड्यात तीनदा झालं तर तो थकलेला असतो आणि कागदावर ताजातवाना. मी त्या टीमबरोबर असताना वहीत हे वेगळं लिहून ठेवायचो, एका कोचला ते आवडायचं नाही, मी तरी लिहायचो.

आता मला ज्या पिचरविषयी सगळ्यात जास्त बोलायला आवडतं तो आर. ए. डिकी. नॅशव्हिलचा, १९९६ ला टेक्सास रेंजर्सने पहिल्या राउंडमध्ये घेतला, ८,१०,००० डॉलरचा बोनस ठरला. अमेरिकेच्या ऑलिंपिक टीमच्या पिचरांचा एक फोटो मासिकाच्या कव्हरवर आला होता, त्यात त्याचा उजवा हात जरा विचित्र लटकलेला रेंजर्सच्या एका माणसाने पाहिला, तपासणी झाली आणि कळलं की त्याच्या कोपरात ते लिगामेंट मुळातच नाहीये! टॉमी जॉनचं तुटलेलं, याला दिलेलंच नाही. ऑफर उतरली ७५,००० वर. त्याने ती घेतली. पुढची दहा वर्षं वर-खाली, वर-खाली. शेवटी नेहमीचे पिच सोडून नकलबॉल शिकला, म्हणजे नखं बॉलमध्ये रुतवून धरायचा आणि बॉल न फिरवता सोडायचा, फिरकी नसल्यामुळे तो हवेत कुठे वळेल ते बॅटरला सोडा, कॅचरलाही (आपला विकेटकीपर) कळत नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये मेजर लीगमध्ये नकलबॉलर म्हणून पहिला स्टार्ट आणि त्यात सहा होम रन बसले. दुसरा कुणी असता तर तिथेच संपला असता. २०१२ ला न्यूयॉर्क मेट्सकडून २० विजय ६ पराभव, जूनमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत फक्त एकेक हिट (बॅटरने बॉल मारून बेस गाठणं) दिली, आणि वर्षाअखेर साय यंग अवॉर्ड, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, नकलबॉलरला मिळालेला पहिला. वय ३८.

आणि याचा आपल्या मुंबईशी खरा संबंध आहे, फार कमी मराठी लोकांना माहीत असतो. २०१२ च्या जानेवारीत तो किलिमांजारो चढला ते मुंबईतल्या कामाठीपुऱ्यात देहविक्रीत अडकवलेल्या बायका-मुलींसाठी काम करणाऱ्या बॉम्बे टीन चॅलेंज या संस्थेला पैसे उभे करायला, लाखाहून जास्त डॉलर जमा झाले, आणि अवॉर्ड मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच स्वतःच्या मुलींना घेऊन तो मुंबईला गेला, ते काम बघायला. लहानपणी त्याच्यावर स्वतःवर अत्याचार झाले होते हे त्याने जाहीरपणे सांगितलंय. क्लिनिकच्या भिंतीवर मी एकाच पिचरचा फोटो लावलाय, तो याचा.

तर आता तुमचा मुलगा. तेराव्या वर्षी लिगामेंट तुटायच्या आधी दुसरंच जातं, कोपराच्या आतल्या टोकाला हाड वाढायची कूर्चेची चकती असते ती अजून जुळलेली नसते, ती लिगामेंटपेक्षा कच्ची, म्हणून या वयात ती दुखते, सुजते, कधी हाडाचा तुकडा ओढला जातो. कर्व्ह (वळणारा पिच) टाकला की हात जातो असं तुम्हाला लोक सांगतील, पण मोजमापात फास्टबॉलचा ताण कर्व्हपेक्षा कमी निघत नाही. हात जातो तो मोजदाद नसल्यामुळे. अलाबामामधल्या संशोधकांनी हात बिघडलेल्या आणि न बिघडलेल्या पोरांची तुलना केली तर थकलेल्या हाताने नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये ऑपरेशनची शक्यता ३६ पट निघाली, वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांमध्ये ५ पट. ३६ पट! मघाशी म्हटलं ना, अर्धा भार स्नायू उचलतो, तो थकला की सगळं त्या पेराएवढ्या पट्टीवर आणि चकतीवर येतं.

गेल्या वर्षी एक पंधरा वर्षांचा मुलगा आला होता, करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर, कोपराला आतून हात लावला तरी कळ. वडील भला माणूस, पोरावर जीव. त्यांच्या फोनमध्ये वर्षभराच्या प्रत्येक पिचचा स्पीड होता, तारखेसकट, व्हिडिओसकट. मी विचारलं, शेवटच्या शनिवारी एकूण किती पिच टाकले? ते स्क्रोल करत राहिले. दोन टीमकडून एकाच दिवशी खेळला होता, मधल्या वेळात कॅचर पण होता. आकडा सांगता आला नाही. एमआरआय मध्ये लिगामेंट जवळपास पूर्ण गेलेलं.

म्हणून तुम्हाला माझं उत्तर असं. पोराला खेळू द्या, पिचिंगच करू द्या, ७२ मैल या वयाला खरंच चांगलं आहे, पण हिवाळ्यातलं इनडोअर पिचिंग बंद, कोचला माझं नाव सांगा हवं तर. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलची पिच स्मार्ट नियमावली आहे, तिच्यात या वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच, ६६ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस आराम, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक, वर्षाला १०० इनिंगच्या आत, आणि वर्षातले चार महिने हात डोक्यावरून फेकण्यापासून पूर्ण सुट्टी, त्यातले दोन-तीन सलग. मी स्वतः ९५ पर्यंत जाऊच देत नाही, पंचाहत्तरला थांबवतो. दोन टीम असतील तर दोन्हीकडचे पिच एकत्र मोजायचे. पिचिंग केलं त्या दिवशी कॅचिंग नाही. सुट्टीत बास्केटबॉल, फुटबॉल, पोहणं, काहीही. तुमच्याबरोबर अंगणात क्रिकेट खेळला तर बॅटिंग त्याला द्या, बॉलिंग तुम्ही करा.

आणि स्पीड गनच्या आधी दुकानातून हातात धरायचा काउंटर आणा, मंदिरात जप मोजायला वापरतात तसला, बटण दाबलं की आकडा वाढतो. सामन्याच्या वेळी तो तुमच्या हातात, घरी आल्यावर आकडा वहीत, आणि शेजारच्या रकान्यात त्याला विचारून लिहायचं की कोपराच्या आतल्या बाजूला, बोट ठेवून दाखव म्हणायचं, दुखतंय का. हो म्हणाला तर पुढचा सामना नाही, आणि दोन आठवड्यांत गेलं नाही तर पोरांची हाडं बघणाऱ्या डॉक्टरकडून एक्स-रे, दोन्ही कोपरांचा काढायला सांगा, तुलना करायला लागते.